वर्षाला चारशे कोटी आणि गडी सदा जखमी, एनएफएलवाल्यांना परवडतंय कसं?

शिरोली_शिफ्टवाला:
आधीच सांगतो, हा आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल न्हाई, अमेरिकेतला, अंड्यासारख्या बॉलचा; एनएफएल ही त्याची तिकडची लीग. मामेभाऊ तिकडं ओहायोत असतोय, त्यानं नाद लावला. रविवारी रात्री साडेदहाला मॅच सुरू होते आणि मंडळी झोपली की मी आवाज बंद करून बघत बसतो. तर विषय असा की भावाची टीम क्लीव्हलँड ब्राउन्स, त्यांनी २०२२ मध्ये देशॉन वॉटसन नावाचा क्वार्टरबॅक (बॉल फेकून टीमचा खेळ चालवणारा मुख्य गडी) आणला, ५ वर्षांचे २३ कोटी डॉलर, आणि सगळेच्या सगळे गॅरंटीड, म्हणजे खेळ नाहीतर घरी बस, पैसे मिळणारच. शिवाय त्याच्या बदल्यात दुसऱ्या टीमला ड्राफ्टमधल्या, म्हणजे दरवर्षी नवे खेळाडू आळीपाळीनं निवडतात त्यातल्या, पहिल्या राउंडच्या ३ निवडी दिल्या त्या वेगळ्याच. आणि गडी पहिल्या ३ सीझनमध्ये मिळून खेळला किती तर १९ मॅच! पहिल्या वर्षी ११ मॅचची बंदी, दुसऱ्या वर्षी खांदा, तिसऱ्या वर्षी अकिलिस, म्हणजे टाचेमागची जाड शीर, तुटली, आणि ती बरी होतीय तोवर २०२५ च्या जानेवारीत तीच परत तुटली. आमच्याकडं भट्टीवर हात भाजून दोन दिवस घरी बसलं तर दोन दिवसांचा पगार जातोय. मग ह्यांना परवडतंय कसं? असंच चाललं तर लीग बुडायची न्हाई का? कुणाला माहीत असंल तर नीट सांगा, टिंगल नको.

गंगावेस_कट्टा:
टिंगल नको म्हणतोयस पण हिशोब तर करू दे. ३ वर्षांचे झाले साधारण पावणेबाराशे कोटी रुपये, भागिले १९, म्हणजे मॅचला साठ कोटी. विषयच हार्ड! एवढ्यात आपल्या सगळ्या तालमींच्या टीमा पुढची शंभर वर्षं दूध-बदाम खाऊन खेळतील.

ताळेबंद_कोल्हापूर:
लीग बुडत नाही, निवांत झोपा. मी अकाउंटवाला माणूस आहे, साखर कारखान्याच्या हिशोबात आयुष्य गेलं, म्हणून हे प्रकरण मला खेळापेक्षा जास्त आवडतं.

लोकांना वाटतं की हा पैसा तिकिटातून येतो. मुख्य पैसा टीव्हीचा. २०२१ मध्ये त्यांनी चॅनेलवाल्यांशी ११ वर्षांचे करार केले, सगळे मिळून अंदाजे ११ हजार कोटी डॉलर. आणि गंमत म्हणजे हा पैसा ३२ टीममध्ये सारखा वाटला जातो, जिंकणाऱ्याला जास्त आणि हरणाऱ्याला कमी असलं काही नाही. भांडवलशाहीच्या माहेरघरात हा एवढा एक सहकार! हे आकडे बाहेर कळतात ते ग्रीन बे पॅकर्समुळे, कारण ती टीम कुणा एका शेठची नाही, तिचे पाच लाखांवर सभासद आहेत, गाव जेमतेम लाखाचं. दरवर्षी ताळेबंद जाहीर होतो, जुलैत स्टेडियममध्येच वार्षिक सभा भरते. (सभासदाला लाभांश शून्य. आपल्याकडं निदान दिवाळीला साखर तरी मिळते.) २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ताळेबंदात लीगकडून आलेला वाटा होता ४३ कोटी २६ लाख डॉलर. तेवढाच प्रत्येक टीमला. आणि २०२५ ची सॅलरी कॅप, म्हणजे एका टीमनं सगळ्या खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करायचा त्याची मर्यादा, होती २७ कोटी ९२ लाख. एकही तिकीट न विकता सगळ्यांचा पगार भागून वर उरतात.

म्हणून मालक बुडत नाही. ब्राउन्सच्या मालकानं २०२५ मध्ये स्वतःच कबूल केलं की हा डाव साफ फसला, पण कबूल करून तो काय रस्त्यावर आला नाही.

बुडतो कोण ते बघा. कॅप ठरते लीगच्या उत्पन्नावरून, खेळाडूंचा हिस्सा साधारण ४८ टक्के, आणि त्यातून टीमच्या वाट्याला येईल तो ५३ जणांत वाटायचा. भाकरी तेवढीच. थोरल्यानं चतकोर उचलली की धाकट्यांनी उरलेल्यात भागवायचं. थोरला आजारी पडून न जेवता झोपला तरी त्याचा चतकोर बाजूला झाकून ठेवायचाच, दुसऱ्याला द्यायचा नाही. जखमी क्वार्टरबॅकचं नुकसान म्हणतात ते हे. त्याच्यापुढं उभं राहून धक्के खाणारे जे लाइनमन असतात त्यांच्यापैकी एखादा चांगला माणूस मग पैशाअभावी सोडून द्यावा लागतो, आणि तो गेला की पुढचा क्वार्टरबॅक आणखी मार खातो.

शिरोली_शिफ्टवाला:
काका, लई भारी समजावून सांगितलं. पण मग एक शंका, जखमी गड्याला काढून टाकला की कॅपमधली त्याची जागा रिकामी होत न्हाई का?

ताळेबंद_कोल्हापूर:
तिथंच तर मेख आहे. साइनिंग बोनस म्हणजे उचल समजा. ऊसतोडीच्या मुकादमाला सीझनआधी उचल दिली, टोळी आली तर आली, नाही आली तर पैसे गेलेच. एनएफएलमध्ये ही उचल खेळाडूच्या हातात लगेच पडते, पण कॅपच्या वहीत ५ वर्षांपर्यंत हप्त्यानं मांडता येते. मधेच त्याला काढला तर राहिलेले सगळे हप्ते अंगावर येतात. ट्रॅक्टर भंगारात गेला तरी बँक थांबत नाही, तसंच. त्याला ते डेड मनी म्हणतात. डेन्व्हरनं २०२४ मध्ये रसेल विल्सन ह्या क्वार्टरबॅकला सोडलं तेव्हा साडेआठ कोटी डॉलर असे अंगावर आले, २ वर्षांत विभागून. तो खेळत होता दुसऱ्या टीमकडं आणि जागा खात होता ह्यांची.

पेठेतला_स्टॉपर:
सगळे क्वार्टरबॅकला लुटारू ठरवून मोकळे व्हायला लागलाय म्हणून लिहितोय. वॉटसनसारखी पूर्ण गॅरंटी बाकीच्यांना मिळत न्हाई भावांनो. पेपरात मोठा आकडा येतोय, त्यातला खरा किती ते बघा. डॅनियल जोन्स, न्यूयॉर्क जायंट्सचा क्वार्टरबॅक, २०२३ मध्ये ४ वर्षांचे १६ कोटी डॉलर अशी बातमी आली. त्याच सीझनला गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट गेलं. बरा होऊन परत आला, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात टीमनं त्याला बाहेर बसवला. खेळ सुमार होता हे मान्य, पण दुसरं कारण असं की तो परत जखमी झाला असता तर पुढच्या वर्षाचे २ कोटी ३० लाख डॉलर द्यावे लागले असते. त्याच्या आधी लास व्हेगासनं डेरेक कारला असाच २०२२ च्या शेवटी बसवला, विल्सनला डेन्व्हरनं २०२३ च्या डिसेंबरात. म्हणजे बघा, माणूस ठणठणीत हाय म्हणून घरी! जखमी झाला तर खर्च, म्हणून खेळायचंच न्हाई.

मी हे का बोलतोय, तर मी स्वतः पेठेच्या टीमकडनं आपल्या फुटबॉलमध्ये आठ वर्षं स्टॉपर, म्हणजे मधला बचाव, खेळलोय. दोन वर्षांखाली शाहू स्टेडियमवर, मे महिन्यात, ग्राउंड नुसतं दगड झालेलं, उडी मारून हेडर घेतला आणि खाली येताना गुडघा आत वळला. टक् असा आवाज मला स्वतःला ऐकू आला, गॅलरीत हलगी वाजत होती तरी. दोन दिवस ग्रुपवर माझ्या फोटोला ढाण्या वाघ, ढाण्या वाघ. ऑपरेशनला पोरांनी वर्गणी काढली, त्यांचे उपकार हाईतच, पण निम्मे पैसे आईच्या पाटल्यांतनं आले. माझ्या जागी पुढच्या सीझनला बाहेरचा खेळाडू आणला. त्याला राग न्हाई, टीम थांबत नसतीय. पण कुणाला जखमी असून पैसे मिळाले तर माझ्या तरी पोटात दुखत न्हाई.

गंगावेस_कट्टा:
दादा, मघाचं आमचं मागं घेतो.

राजारामपुरी_फिजिओ:
स्टॉपर दादांशी सहमत, फक्त एक भर घालते. सतत जखमी होणारा हा शिक्का आपण फार पटकन मारतो. जो बरो बघा, सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक. २०२० ला गुडघा गेला, आणि पुढच्याच सीझनला त्यानं टीम सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या फायनलपर्यंत, नेली. म्हणून २०२३ मध्ये त्याला ५ वर्षांचे साडेसत्तावीस कोटी डॉलर मिळाले, आणि दोन महिन्यांत मनगट गेलं, २०२५ ला पायाचा अंगठा. आता त्याला नाजूक म्हणायचं का? दीडशे किलोची माणसं पळत येऊन अंगावर पडतात, आणि त्याची नजर तेव्हा लांब बॉल टाकण्याकडं. पाय रोवलेला, अंग वळलेलं, आणि तेवढ्यात धक्का. ह्याहून वाईट पोझिशन गुडघ्याला नसते.

आणि अकिलिसला तर धक्काही लागत नाही कधीकधी. क्वार्टरबॅक अॅरन रॉजर्सची आठवते का? २०२३, आपल्याकडं मंगळवारची पहाट, मी पावणेसहाला चहा ठेवला होता. एकोणचाळीस वर्षांचा माणूस, नव्या टीमकडून पहिली मॅच, हातात झेंडा घेऊन पळत आला मैदानात. चौथा स्नॅप, म्हणजे चौथीच चाल, खाली गेला, उठला, परत आपणहून खाली बसला. ते परत बसणं बघूनच मी नवऱ्याला म्हटलं, ही अकिलिस आहे. चहा उतू गेला.

शिरोली_शिफ्टवाला:
ताई तुम्ही पण बघता? घरातनं परवानगी हाय वाटतं. बरं मग सरळ प्रश्न, तुम्ही टीमचं मालक असता तर दिले असते का एवढे?

राजारामपुरी_फिजिओ:
बरोला दिले असते. वॉटसनसारखी पूर्ण गॅरंटी कुणालाच नाही.

ताळेबंद_कोल्हापूर:
मी नसते दिले, मी स्वस्तातला शोधला असता. ब्रॉक पर्डी, २०२२ च्या ड्राफ्टमधला शेवटचा, २६२ वा. वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत पगार, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सुपर बोल खेळला. त्याच्या स्वस्ताईमुळं बाकीच्या जागांवर तालेवार माणसं ठेवता आली. अर्थात २०२५ ला त्यानंही साडेसव्वीस कोटींचं कंत्राट घेतलं, म्हणजे स्वस्ताई संपली. पण तो शोधायचा कसा हे विचारू नका, ३२ टीमना शेवटपर्यंत तो दिसला नव्हता. चांगला क्वार्टरबॅक मिळत नाही म्हणून तर बऱ्यापैकीलाही सोन्याचा भाव. आणि राखीव माणूस धड ठेवा एवढं मात्र नक्की. वॉटसनचा खांदा गेला तेव्हा ब्राउन्सनी घरी बसलेल्या ३८ वर्षांच्या जो फ्लॅकोला बोलावला आणि तो त्यांना प्लेऑफला घेऊन गेला. त्याचा पगार वॉटसनच्या मानानं चिल्लर.

शिरोली_शिफ्टवाला:
भावाला हे वाचून दाखवलं फोनवर, तो म्हणतोय फ्लॅकोचं नाव काढू नका, रडू येतंय.

पेठेतला_स्टॉपर:
ताई, जाता जाता एक विचारू का. ऑपरेशनला बावीस महिने झाले, पळताना काय त्रास न्हाई, पण जिना उतरताना गुडघा आतल्या बाजूला कचकचतोय. दुखत न्हाई, नुसता आवाज. पुढच्या सीझनला उतरावं का न्हाई?

राजारामपुरी_फिजिओ:
इथं बघून सांगता येणार नाही. मांडीची ताकद दोन्ही पायांची सारखी झालीय का ते आधी मोजू. मेसेज केलाय, एमआरआयची फाइल आणि बूट दोन्ही घेऊन या. फीचं नंतर बघू.