वाचनीय लिंका शोधायला कुठली साइट बरी? रेडिट, हॅकर न्यूज की अजून काही

माळरान:
रात्री जेवणं झाली की तासभर वाचायला मिळतो आणि तो काय वाचू हे शोधण्यातच जातो. पूर्वी स्टम्बलअपॉन होतं, बटण दाबलं की कुठलीतरी भन्नाट साइट उघडायची, ते २०१८ ला बंद पडलं. आता रेडिट आणि हॅकर न्यूज बघतो पण एकच लिंक इकडे पहिल्या पानावर तर तिकडे पत्ताच नाही. इतिहास, विज्ञान, थोडं प्रोग्रॅमिंग असं वाचायचंय. तुम्ही लोक काय वापरता आणि का?

दहीबुत्ती:
दोन्हीकडे वाचकांच्या मतांवरून लिंकांचा क्रम लागतो, पण गणितच वेगळं आहे हो. रेडिटचा कोड पूर्वी खुला होता, त्यातलं 'हॉट'चं, म्हणजे पोस्टचा क्रम लावायचं सूत्र लॉगरिदमचं, म्हणजे पहिल्या १० मतांना जेवढं वजन तेवढंच पुढच्या ९० ला, आणि साडेबारा तास जुनी पोस्ट नव्या पोस्टच्या बरोबरीला यायची तर तिला दहापट मतं लागणार. आता सांगा, वीस मिनिटांचा लेख कोणी वाचून मत देईपर्यंत मीमला शंभर मतं पडून गेलेली असतात, म्हणून रेडिटचं मुख्य पान मी उघडतच नाही. आस्कहिस्टोरियन्सवर जा, रेडिटवरचाच इतिहासाच्या प्रश्नोत्तरांचा विभाग आहे, तिथे 'टॉप' आणि 'या महिन्यात' लावा, वरवरची उत्तरं तिथले मॉडरेटर सरळ उडवतात त्यामुळे जे उरतं ते वाचण्यासारखं असतं.
हॅकर न्यूजवर लिंकच्या वयाचा मार जबर आहे, ती साइट काढणाऱ्या पॉल ग्रॅहमने दिलेल्या सूत्रात मतांना वयाच्या १.८ व्या घाताने भागलंय, त्यामुळे कितीही गाजलेली लिंक असो एखाद्या दिवसात खाली जातेच. लिंकला डाउनव्होट (विरोधी मत) नाही, फक्त फ्लॅग, म्हणजे तक्रार. प्रोग्रॅमिंगसाठी डोळे झाकून हेच.

तिसरीघंटा:
नुसत्या सूत्राने होत नाही, माणसं टिकावी लागतात. डिग आठवतंय का? मतांवर लिंका वर चढवणारी अशीच साइट, २००४ ला सुरू झालेलं, एकेकाळी रेडिटपेक्षा कितीतरी मोठं. ऑगस्ट २०१० मध्ये नवी आवृत्ती आणली, लिंक खाली ढकलायचं 'बरी' (bury, म्हणजे गाडा) बटण काढलं, बड्या प्रकाशकांच्या फीड (नव्या लेखांच्या आपोआप येणाऱ्या याद्या) थेट आत घेतल्या आणि लोक एवढे भडकले की डिगच्याच पहिल्या पानावर रेडिटच्या लिंका चढवल्या न् तिकडे निघून गेले.
मला विचाराल तर स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या साइटची पद्धत सगळ्यात शहाणी, नुसता आकडा नाही तर प्रतिक्रिया का चांगली तेही कळतं. आपल्याकडे ऐसी अक्षरे या मराठी संस्थळावर तसंच आहे की, मार्मिक, माहितीपूर्ण, रोचक, खवचट अशा श्रेण्या. मी तिथे आधी 'माहितीपूर्ण'वालेच प्रतिसाद वाचते.

माळरान:
हे भारीच, श्रेणीकडे कधी नीट लक्षच दिलं नव्हतं. आस्कहिस्टोरियन्सवर 'टॉप' लावून बघितलं, पाच टॅब उघडून ठेवलेत. पण मराठी ब्लॉगांसाठी असं काही आहे का?

दहीबुत्ती:
मतांनी क्रम लावणारं मला तरी कुठलं धड चालू दिसत नाही. आवडत्या ब्लॉगांची आरएसएस फीड रीडरमध्ये (सगळ्यांचे नवे लेख एका जागी दाखवणारं ॲप) टाका आणि त्या ब्लॉगांच्या बाजूला दिलेल्या यादीतून पुढचे शोधा, मला जे चांगले सापडले ते असेच.