दार आणि दरवाजा

‘दरवाजा’ हा ‘दार’वरूनच लांबवलेला शब्द असणार, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ‘दार’ हे संस्कृत ‘द्वार’चं प्राकृतातून घासून आलेलं रूप. ‘दरवाजा’ फारसी, तिथल्या ‘दर’ या शब्दावर उभा. मात्र ‘दर’ आणि ‘द्वार’ मुळात एकाच कुळातले, म्हणून कानाला सारखे लागतात.

मला खरी गंमत वाटते ती या शब्दांच्या अर्थांची. फारसीत खोलीचं, घराचं दार ते ‘दर’. ‘दरवाझे’ म्हणजे शहराची वेस, तटातलं मोठं प्रवेशद्वार. तेहरानचा तट केव्हाच पाडला, तरी मेट्रोच्या स्थानकांची नावं आजही ‘दरवाझे दौलत’ आणि ‘दरवाझे शेमिरान’ अशी आहेत. फुटबॉलचा गोलसुद्धा तिकडे ‘दरवाझे’, आणि गोलरक्षक ‘दरवाझेबान’!

मराठीनेही हा भेद छान सांभाळला होता. रायगडाचा महादरवाजा, छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरने १६१२ साली उभारलेला भडकल दरवाजा, शनिवारवाड्याचा उत्तरेकडे तोंड असलेला दिल्ली दरवाजा. हा शेवटचा जवळ जाऊन बघावा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून फळ्यांवर हे एवढाले लोखंडी खिळे, आणि त्याच फळीत माणूस वाकूनच आत शिरेल एवढी दिंडी. रोजची ये-जा त्या दिंडीतून. अख्खा दरवाजा उघडायचा तो स्वारीसाठी.

घरी मात्र दारच. दारात रांगोळी, दारचा आंबा, दारोदार फिरणं, दारी आलेल्याला विन्मुख न पाठवणं. यांत कुठेही ‘दरवाजा’ घालून बघा, जमत नाही. बेल वाजली की आमची आजी म्हणायची, “दारात कोण आलंय बघ.” आता घरोघरी “दरवाजा उघड” ऐकू येतं. त्याला चूक म्हणणार नाही, पण दोन खोल्यांच्या घराला वेशीचा शब्द मला मोठा होतो.

‘दरबार’, ‘दर्गा’, ‘दरवान’ यांतला ‘दर’ हाच. ‘दररोज’मधला मात्र नव्हे; ते फारसी अव्यय आहे. आणि ‘जमीनदार’, ‘फौजदार’ यांतला ‘दार’ म्हणजे बाळगणारा, त्याचा उंबऱ्याशी काही संबंध नाही.