अण्णा चितळकर नुसते गुणगुणायचे म्हणे!

पेटीवाला : परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं, ‘ईना मीना डीका गोव्याच्या वादकांचं, संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले अण्णा चितळकर, फक्त पेटीवर गुणगुणायचे.’ डोकं सणकलं. गाणं १९५७च्या चित्रपटातलं, ‘आशा’. पोरांची खेळातली बडबड कानावर पडली, त्यातून अण्णांना मुखडा सुचला. ‘माका नाका’ ही कोकणी फोडणी त्यांचे सहायक जॉन गोम्स यांची, हे जगजाहीर आहे. म्हणून अख्खं गाणं अण्णांच्या नावावरून उतरवायचं? किशोरला तसं मोकाट सोडणं, आशाबाईंकडून तेच गाणं वेगळ्या अंगाने गाऊन घेणं, हेही गोम्सनीच केलं का?

मडगांवकार : उतरवतंय कोण? ‘अलबेला’त (१९५१) आमच्या हळदोण्याचा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट बँडसकट पडद्यावर दिसतो, म्हणून ठाऊक तरी झाला. बाकीच्यांचं काय? माझे आजोबा व्हायोलिन वाजवायचे. रेकॉर्डिंग संपलं की हातात पाकीट, विषय संपला. टायटल्समध्ये नाव कधीच नाही. आणि ‘सहायक’ म्हणजे अरेंजर करायचा काय, तर पेटीवरची चाल ऐकून सगळ्या वाद्यवृंदाचे स्वरलिपीचे कागद लिहायचा.

खवचट खंडू : आलं नोटेशन! आमच्याकडे भातखंडे, पलुस्कर काय झोपले होते?

मडगांवकार : त्यांच्या लिपीत बंदिश उतरते हो. व्हायोलिन, चेलो, ट्रंपेट एकाच वेळी वेगवेगळं वाजवणार, ते मांडून दाखवा. आमची पोरं पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळेत स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकायची. मुंबईच्या स्टुडिओंत भाव मिळाला तो त्यामुळे.

खवचट खंडू : कागद बघून वाजवणारे ते कारकून! आमच्या गल्लीतला क्लॅरिनेटवाला एकदा ऐकून वरातीत हुबेहूब वाजवायचा. त्याला डीजेने खाल्लं, त्याबद्दल आहे का कुणाला काही?

मडगांवकार : कारकून? तोंड सांभाळून. आजोबांबद्दल बोलताय.

सायनची काकू : खंडू, पुरे. ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ अमिताभसाठी सुचलेलं नाव वाटतं ना? गोव्यातल्या माजोर्ड्याचे खरे गोन्साल्विस लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू. १९५८ मध्ये त्यांनी राग आणि सिंफनी एकत्र आणून सेंट झेवियर्सच्या आवारात कार्यक्रम केला, गायला लता आणि मन्ना डे. पुढे ते अमेरिकेला गेले. १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’त शिष्याने गुरूचं नाव गाण्यात घातलं. मोठ्या मनाचा शिष्य!

पेटीवाला : म्हणजे गाण्यात नाव यायला प्यारेलाल शिष्य हवा. बरं बाबा, अरेंजरचं नाव तबकडीवर हवं होतं, घ्या. चाल मात्र अण्णांचीच.

मडगांवकार : उपकार झाले.

खवचट खंडू : आणि डीजे?