चवथीला म्हातारा कुत्रा बोर्डिंगमध्ये ठेवावा का?

पर्वरीकर:
चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आम्ही सगळे सत्तरी तालुक्यात मूळ घरी जातो. लॅब्रॅडॉर १३ वर्षांचा, मागचे पाय धरलेत, गोळ्या चालू. गावी पाहुणे, फटाके, सोवळं, तिथे नेणं कठीण. म्हणून कुत्रे सांभाळणारी बोर्डिंगं बघून आलो. माझं मत, म्हाताऱ्या जनावरासाठी एसी आणि स्विमिंग पूल बघूच नये. फरशी बघावी, आणि रात्री तिथे माणूस झोपतो का ते विचारावं. एके ठिकाणी चकचकीत टाइल्स, त्याही ओल्या. ह्याचे पाय फाकले की संपलंच. दुसरीकडे रबरी मॅट, पण संध्याकाळनंतर फक्त कॅमेरा. कॅमेरा काय त्याला उठवून मुतायला नेणार? तिसरं साधंच, पत्र्याचं, पण मालक तिथेच राहतो. मी तेच धरणार.

फोंड्याची ताई:
ऐन पावसात पत्र्याखाली? रात्रभर तडतडणार वर. मुळात बोर्डिंगच नको. म्हातारी कुत्री जागा बदलली की खाणं टाकतात, रात्री भुंकत फिरतात. घरीच माणूस ठेवा.

पर्वरीकर:
चवथीला गोव्यात कोण येतंय दुसऱ्याचं घर राखायला? जो तो आपल्या गणपतीपुढे.

म्हापशाचा शेजारी:
पत्रा सोडा, तो मालक लसीचं कार्ड मागतो का? न मागता घेत असेल तर परत फिरा. केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला, तरुण कुत्र्याचा बहुतेक आपोआप उतरतो, म्हाताऱ्याचा न्यूमोनियावर जाऊ शकतो. शिवाय पावसात उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो. त्याची लस दरवर्षी लागते, आणि पहिल्यांदा देताना काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. निघायच्या आदल्या दिवशी टोचून काही होत नाही.

फोंड्याची ताई:
म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे!

म्हापशाचा शेजारी:
छे. घरी ठेवलेला माणूस कुत्रा कण्हला की आपलीच अंगदुखीची गोळी देऊन मोकळा होतो. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. बोर्डिंगवाल्याला निदान डॉक्टरला फोन करायची सवय असते. डोस कागदावर लिहून द्या, तोंडी नको.

मडगावकार:
एवढं सगळं करण्यापेक्षा गावी न्या की. आमची म्हातारी कुत्री मागच्या पडवीत असते. फटाक्यांच्या वेळी खोलीत घालतो, पंखा मोठा करतो.

पर्वरीकर:
तुमच्याकडे चालतं. आमच्याकडे माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली, एक केस दिसला तरी काका वर्षभर ऐकवतील. शनिवारी त्या पत्र्यावाल्याकडे एक रात्र ठेवून बघतो. कार्डाचंही विचारतो. सकाळी जेवला नाही तर आई पर्वरीला थांबते म्हणतेय, पण त्याच्यापायी तिची चवथ बुडवणं मला पटत नाही.

फोंड्याची ताई:
तिला विचारा तरी नीट. चवथीत राबतं कोण, तीच ना? ती खुशीने थांबेल.