प्रति: मागणी घटली की नोंद घटली?

वर एकांनी लिहिलंय की लॉकडाऊनमध्ये गर्भनिरोधकांची मागणी घटली, हे एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी) वरून दिसतं. नाशिकपुरतं तरी हे धरता येणार नाही. महाराष्ट्र त्या पाहणीच्या पहिल्या टप्प्यात होता आणि तो जानेवारी २०२० मध्येच संपला. लॉकडाऊन लागला २५ मार्चला. आपल्या जिल्ह्याचे आकडे महामारीच्या आधीचे आहेत.

मग उरतात आरोग्य केंद्रांच्या नोंदी. तिथे तांबी बसवून घेणाऱ्या कमी दिसल्या, म्हणून गरज कमी झाली असं कसं म्हणायचं? केंद्र सरकारच्या सूचनांत प्रजनन आरोग्य अत्यावश्यक सेवांमध्येच होतं. पण सुरगाण्याच्या पाड्यावरून यायला एसटी कुठे होती?

त्या उन्हाळ्यात मी फोनवरून मुलाखती घेत होते. पेठ तालुक्यातल्या एका ताईंकडे घरात मिळून एकच फोन, तोही नवऱ्याच्या खिशात. तो शेजारी बसलेला असताना पाळीबद्दल विचारलं की “सगळं बरंय” एवढंच उत्तर. मग आम्ही प्रश्न बदलले. आधी “आत्ता बोलता येईल का?”, पुढचं सगळं हो-नाहीत उत्तर देता येईल असं. मध्येच कुणी आलं तर बाळाच्या डोसांविषयी बोलायचं, हेही आधीच ठरवून ठेवलेलं.

तरी गर्भपाताच्या प्रश्नावर बहुतेकजणी गप्पच राहायच्या. ते गप्प राहणं “नाही”च्या रकान्यात टाकू नका, यासाठी मी अक्षरशः भांडले. “उत्तर दिलं नाही” असा वेगळा रकाना हवाच.