मदत हवी आहे: ८५ हजारात चांगला हिरा कसा निवडायचा? शनिवारपर्यंत ठरवायचंय

जुईली_पुणे:
नमस्कार मंडळी. हिरा घ्यायचाय, बजेट ८५ हजार, फार तर ९०. दोन दुकानं पालथी घातली, एक म्हणतो ईएफ रंग आणि व्हीव्हीएस क्लॅरिटीचाच (म्हणजे स्वच्छतेचा दर्जा) घ्या, दुसरा म्हणतो जीएच रंग, व्हीएस क्लॅरिटी पुरे झालं, भावात जवळपास ४० हजारांचा फरक आणि मला तर दोन्ही खडे अगदी सारखेच दिसले. मग हे जास्तीचे पैसे नेमके कशाचे? माहितगारांनी प्लीज लवकर सांगा.

हिशेबी:
अंगठी की पेंडंट? खाणीतला की लॅबमध्ये बनवलेला? ८५ मध्ये सोनं, घडणावळ, जीएसटी धरलंय की नुसता खडा? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

रानवारा:
हिरा घेऊच नका. मोडायला गेलं की भाव कळतो, सोनाराकडे हिऱ्याचे निम्मेसुद्धा हातात पडले नाहीत आमच्या. त्यापेक्षा पाटल्या करा, अडीनडीला उपयोगी पडतात.

जुईली_पुणे:
मोडायचा नाहीये हो, पाटल्या हव्यात असंही म्हटलं नाही. आईच्या साठीसाठी कानातले टॉप्स करायचेत. खाणीतलाच हवा. सगळं धरून ८५.

हिशेबी:
म्हणजे दोन खडे! हे आधी सांगायला हवं होतं, सगळं गणितच बदललं. पण बदललं ते तुमच्या फायद्याचं आहे, कारण हिऱ्याचा कॅरेटमागचा भाव आकाराबरोबर चढत जातो, त्यामुळे ६० सेंटच्या (१०० सेंट म्हणजे १ कॅरेट) एका खड्यापेक्षा ३०-३० चे दोन बरेच स्वस्त पडतात. किती सेंटचे दाखवले?

जुईली_पुणे:
३० चेच दाखवले, दोन्ही मिळून ६२ सेंट.

डॅलसची_मावशी:
लॅबचा घे गं. मी गेल्या वर्षी घेतला, खाणीतल्याच्या कितीतरी कमी पैशात एक एक कॅरेटचे टॉप्स झाले. तोही हिराच असतो, कार्बनच, सोनाराचं साधं टेस्टर हिराच दाखवतं. उगाच खाणीचा हट्ट कशाला.

हिशेबी:
ती म्हणाली ना खाणीतलाच हवा म्हणून. आणि लॅबचे भाव इतके उतरलेत की आज घेतलेला उद्या कितीला राहील कोण जाणे.

डॅलसची_मावशी:
मोडायचाच नाहीये म्हटल्यावर भाव पडला काय नि चढला काय? तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटतोय.

सुरतेचा_मराठी:
मी सुरतेत वराछाला हिऱ्याच्या कारखान्यात आहे, रोज हेच हातात असतं म्हणून सांगतो. व्हीव्हीएस आणि व्हीएस मधला फरक १० पट मोठं दिसणाऱ्या भिंगाखाली शोधायचा असतो, नुसत्या डोळ्यांना दोन्ही स्वच्छच दिसणार, आणि कानातल्याकडे तर लोक हातभर लांबून बघतात. रंगाचंही तसंच, जी-एच पांढरेच दिसतात आणि पिवळ्या सोन्यात बसवले तर एचच्या खालचा आय रंग सुद्धा चालतो. ते ४० हजार तिथे घालवू नका. पैसा घाला तो कटवर, म्हणजे पैलू किती मापात पाडलेत त्यावर. चमक तिथून येते, रंग नि क्लॅरिटी नंतर. ३० सेंटचा नीट कापलेला गोल खडा वरून साधारण ४.३ मिमी भरतो. वजन वाढवायला पोट खोल ठेवलेलं असेल तर तोच ३० सेंट ४.१ चा दिसतो, म्हणजे पैसे ३० चे आणि दिसायला २५. तेव्हा सेंट विचारून थांबू नका, मिमी मोजून घ्या, दोन्ही खड्यांचे. जोडीला रंग, माप, कट तिन्ही जुळले पाहिजेत, नाहीतर एक कान लख्ख आणि दुसरा मंद.

आणि दुकानातल्या स्पॉटलाइटखाली सगळंच चमचमतं. दाराशी या, सावलीत धरा. तिथेही चमकला तर घ्या.

हिशेबी:
पटलं, पण नजरेवर सोडू नका, सर्टिफिकेट हवंच. दोन्ही खड्यांचं वेगवेगळं मागा, जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या लॅबचं. पुष्कळदा अख्ख्या दागिन्याचं एकच कार्ड देतात, त्यात रंग नि क्लॅरिटी ‘जीएच-व्हीएस’ अशी ढोबळ असते. सुट्या खड्याच्या रिपोर्टला नंबर असतो, तो लॅबच्या साइटवर टाकून बघा, आणि खड्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असेल तर भिंगातून जुळवा. हॉलमार्क वेगळा, तो फक्त सोन्याचा, १८ कॅरेटला ७५०, त्याचा हिऱ्याशी संबंध नाही.

वैदेही_ताई:
हिरा सगळ्यांना लाभत नाही. शुक्राचं रत्न आहे, आईची पत्रिका दाखवून घ्या, निदान तीन रात्री उशाखाली ठेवून बघायला द्यायला सांगा.

रानवारा:
कुठलं दुकान हिरा घरी न्यायला देतंय हो?

वैदेही_ताई:
आमचे सराफ देतात. ओळखीचे आहेत.

जुईली_पुणे:
आई पत्रिकेचं मानत नाही, तो विषय राहू दे. दुसऱ्या दुकानाने लिहून दिलंय ते टाकते: जीएच व्हीएस, कट व्हेरी गुड, १८ कॅरेट, वजन ३.००० ग्रॅम, सोन्याचा भाव ३.००० वरच लावलाय. एकूण ८७,५००. बरोबर आहे का?

हिशेबी:
नाही! ३ ग्रॅमात हिऱ्यांचं वजनही आलं. १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, तुमचे ६२ सेंट म्हणजे ०.१२४. सोनं २.८७६ च आहे, तेवढ्याचाच भाव द्या. नेट वेट बिलात वेगळं लिहून मागा, आणि हिरा, सोनं, घडणावळ यांच्या रकमा वेगवेगळ्या.

सुरतेचा_मराठी:
कट व्हेरी गुडच्या वरचा, एक्सलंट मिळतो का विचारा, त्यासाठी ३० चे २७-२८ सेंट झाले तरी चालतील. आणि कोंदण मागून उघडं घ्या. बंद कोंदणात तेल नि साबण अडकतो, मग साफही नीट करता येत नाही.

डॅलसची_मावशी:
फिरकी पेचाची घे, दाबाची नको. माझा एक टॉप विमानतळावर पडला तो पडलाच.

जुईली_पुणे:
नेट वेटचं आत्ताच फोन करून विचारलं, म्हणाले बिल दुरुस्त करून देतो. एक्सलंटची २८ सेंटची जोडी उद्या मागवून दाखवतायत. मोजायला मिमीचं माप दुकानात असतं की आपण न्यायचं?

सुरतेचा_मराठी:
असतं, गेज म्हणतात. खडे बसवण्याआधी सुटे असतानाच मोजून घ्या.