मदत हवी आहे: बुळबुळीत क्लेबसिएला प्लेटला कमी का चिकटतोय?

नमस्कार मंडळी. एमएस्सी मायक्रोच्या प्रोजेक्टमध्ये अडकले आहे. क्लेबसिएला न्यूमोनी या जिवाणूचे दोन आयसोलेट (नमुन्यातून वेगळे काढलेले वाण) आहेत. एकाची कॉलनी लूपने उचलली की शेंबडासारखी तार ५ मिमीहून जास्त लांब येते, म्हणजे स्ट्रिंग टेस्ट पॉझिटिव्ह. दुसरा साधा, कोरडा.

९६ वेलच्या (खळग्यांच्या) पॉलिस्टायरिन प्लास्टिकच्या प्लेटमध्ये २४ तास वाढवून, धुऊन, ०.१% क्रिस्टल व्हायोलेट (चिकटून राहिलेल्या पेशी जांभळ्या करणारा रंग) लावला. मला वाटलं चिकट तोच जास्त चिकटणार. झालं उलटंच! कोरड्याचे वेल गडद जांभळे, चिकट्याचे फिकट. तीनदा केलं, तेच.

चिकट्याच्या कॅप्सूलचा (पेशीभोवतीच्या शर्करेच्या आवरणाचा) जाड थर फिम्ब्रियांना (चिकटायला मदत करणाऱ्या केसांसारख्या तंतूंना) झाकतो, त्यामुळे त्या पृष्ठभागापर्यंत पोचत नाहीत, हे वाचलंय. शिवाय कॅप्सूल पाणी धरून ठेवणारी, ऋणभारित, प्लास्टिक जलद्वेषी. पटतंय. पण दुसरी शंका: ते चिकटतात आणि माझ्या धुण्यातच निघून जातात असं तर नाही? (मी पिपेटने जरा जोरातच धुते, कबूल.)

या दोन शक्यता वेगळ्या कशा ओळखू? २ तासांनी धुऊन पेशी मोजू का? आणि टाइप १ फिम्ब्रिया अडवायला मॅनोज (एक साखर) घालतात, पण प्लास्टिकवर त्याचा उपयोग होतो का? कुणी प्रत्यक्ष केलंय? गाइड सर पुढच्या आठवड्यात आकडे मागणार आहेत.